फुंकर, पुदिना आणि तांब्याचं नाणं

गटारी आणि थर्टी फर्स्ट. या दोन 'सणां'च्या आधी आपल्याकडे दोन गोष्टी न चुकता सुरू होतात. एक, पोलिसांची नाकाबंदी. दोन, नाकाबंदीवरच्या घरगुती उपायांची फॉरवर्ड मोहीम. पुदिन्याच्या गोळ्या, वेलची, लवंग, कच्चा कांदा, पेरूची पानं, चाटून खाल्लेली टूथपेस्ट, जिभेखाली तांब्याचं नाणं, काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक... आणि फुंकण्याआधी पळत पळत दोन जिने चढून येणे! (नाकाबंदीच्या जागी जिना कुठून आणायचा हे मात्र कोणी सांगत नाही.)

गंमत अशी की हे मेसेज पाठवणारी मंडळी कोण? तर आपलीच. ऑफिसात एका ओळीचा बदल करायचा तरी दोघांकडून रिव्ह्यू घेणारी, टेस्टिंग न करता काही प्रॉडक्शनला गेलं तर आकाशपाताळ एक करणारी. आणि हीच माणसं 'नाणं जिभेखाली ठेव, काही होत नाही' यावर शून्य टेस्टिंग करून आपलं लायसन्स, नोकरी आणि दुसऱ्याचा जीव पणाला लावतात.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे उपाय चालत नाहीत. आणि समजा उद्या त्यातला एखादा चालायला लागला, तर ती त्याहून वाईट बातमी असेल. पहिल्या वाक्यासाठी थोडं रसायनशास्त्र लागेल. दुसऱ्यासाठी नुसती अक्कल पुरे.

यंत्राला नाक नसतं

दारू पोटात गेली की थोडी जठरातून आणि बरीचशी लहान आतड्यातून रक्तात जाते. रक्त फिरत फिरत फुफ्फुसात येतं. तिथे वायुकोशांच्या पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला हवा. द्रवात जेवढं अल्कोहोल, त्याच्या ठराविक प्रमाणात त्याची वाफ हवेत येणार. हा हेन्रीचा नियम, १८०३ सालचा, बारावीला आपण सगळ्यांनी घोकलेला. ब्रेथ अ‍ॅनालायझर २१०० ला १ हे प्रमाण धरून चालतो. म्हणजे १ मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल, तेवढंच फुफ्फुसातल्या २१०० मिलिलिटर हवेत.

१९५४ साली अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलिसांत काम करणाऱ्या रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी पहिलं 'ब्रेथलायझर' बनवलं, त्यात पिवळ्या पोटॅशियम डायक्रोमेटचा रंग अल्कोहोलमुळे हिरवट व्हायचा आणि त्यावरून मोजमाप. आजच्या हातातल्या यंत्रात बहुधा फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, करंट वाहतो आणि आकडा उमटतो. जास्त अल्कोहोल, जास्त करंट. बस्स.

आता यात वास कुठे आला? कुठेच नाही. पुदिना, वेलची, कांदा हे सगळं वासावरचं औषध आहे. ज्या काळी हवालदार साहेबांचं नाक हेच एकमेव उपकरण होतं, त्या काळचं. उपकरण बदललं, उपाय मात्र तसाच राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर दहा व्हर्जनपूर्वीचा वर्कअराउंड अजून कोणीतरी इमानेइतबारे चालवतोय.

एकेक समज घेऊ

माउथवॉश: हा तर आपल्याच पायावर धोंडा. बऱ्याच माउथवॉशमध्ये अल्कोहोलच असतं. ते तोंडात राहतं आणि पुढची १०-१५ मिनिटं यंत्राला फुफ्फुसातल्या हवेबरोबर तेही मिळतं. म्हणजे आकडा कमी होणं सोडाच, वाढतो! ढेकर आली किंवा उलटी झाली तरी तेच.

तांब्याचं नाणं: तांबं 'दारू शोषतं' म्हणे. हवा फुफ्फुसातून सुसाट येते, नाण्याच्या शेजारून जाते आणि नळीत शिरते. नाणं तिला काय करणार, हात करून थांबवणार? शिवाय आपली एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. म्हणजे अंधश्रद्धेसाठीसुद्धा कच्चा माल चुकीचा. 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमात २००० च्या दशकात नाणं, पुदिना, कांदा, माउथवॉश असं सगळं करून पाहिलं होतं. एकही चाललं नाही.

जोरजोरात श्वास घेणे: यात मात्र थोडं तथ्य आहे, प्रामाणिकपणे सांगायला हवं. ए. डब्ल्यू. जोन्स यांनी १९८२ साली हे मोजून पाहिलं. फुंकण्याआधी २० सेकंद जोरजोरात श्वासोच्छ्वास केला तर आकडा साधारण १० टक्क्यांनी उतरला. उलट ३० सेकंद श्वास रोखून धरला तर साधारण १५ टक्क्यांनी चढला! आता १० टक्के म्हणजे किती? ८६ चे ७७. आपल्याकडे मर्यादा आहे ३०. आणि पोलिसासमोर उभं राहून २० सेकंद कुत्र्यासारखी धाप टाकली तर त्याला संशय येणार नाही, असं मानायलाही बरीच घ्यावी लागेल.

हळूच, थोडंसं फुंकणे: यंत्र फुंकर किती वेळ आणि किती जोरात आली हे बघतं. कमी पडली तर नमुना अपुरा म्हणून पुन्हा फुंकायला सांगतं. पुन्हा, पुन्हा.

काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ: हे सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात धोक्याचं. अल्कोहोल मुख्यतः यकृत काढतं आणि साधारण एकाच वेगाने काढतं. रक्तातली पातळी तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते, माणसागणिक १० ते २० धरा. एकच काउंटर, एकच कारकून आणि बाहेर कितीही लांब रांग. तुम्ही रांगेतल्या लोकांना कॉफी पाजली म्हणून कारकून भराभर काम करत नाही. कॉफीने झोप उडते, दारू उतरत नाही. म्हणजे झोपाळू बेवड्याचा तरतरीत बेवडा होतो, आणि तरतरीत झाल्यामुळे तो चावी हातात घेतो.

भरपेट खाणे: खाऊन प्यायलं तर दारू रक्तात सावकाश जाते आणि शिखर थोडं खाली राहतं, हे खरं. पण सावकाश जाणे म्हणजे न जाणे नव्हे. बिर्याणीने हिशोब पुढे ढकलला जातो, माफ होत नाही. बारच्या दारात 'मी एकदम ओके आहे' म्हणणाऱ्याचं शिखर अर्ध्या-पाऊण तासाने हायवेवर येऊ शकतं.

'एकच तर बिअर घेतलीय'

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. हा ३० म्हणजे नेमका किती, हे आमच्या पिढीतल्या फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणून जरा गणित करू. सूत्र एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाचं, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं. पोटात गेलेलं अल्कोहोल भागिले शरीराचं वजन गुणिले एक गुणांक (पुरुषांसाठी साधारण ०.६८, स्त्रियांसाठी साधारण ०.५५).

आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ३० मिलीच्या एका स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते सगळं एकदम गेलं तर आकडा येतो २१. दोन स्मॉल, ४२. ५५ किलोच्या बाईला एकाच स्मॉलमध्ये कागदावर ३३!

आता बिअर. 'बिअर म्हणजे काय दारू आहे का?' हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकलंय देव जाणे. ६५० मिलीची स्ट्राँगची एक बाटली, ८ टक्के. त्यात ४१ ग्रॅम अल्कोहोल. म्हणजे चार स्मॉल पेग! तोच ७० किलोचा माणूस, आकडा ८६. मर्यादेच्या जवळपास तिप्पट. पाच टक्क्यांची माइल्ड घेतली तरी ५४.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं काय? शनिवारी रात्री ९ ला बसलात, चार लार्ज झाले. कागदावर १७०. तासाला १५ ने उतरवत या. पहाटे ५ ला ट्रेकला जायचं म्हणून गाडी काढलीत, तेव्हा आठ तास होऊनही ५० शिल्लक. चार तास झोप झालेली, आंघोळ झालेली, पोहे-चहा झालेला, कपाळाला गंधसुद्धा! रक्ताला त्याचं काही नाही.

(हे आकडे ढोबळ आहेत. 'सूत्राने २७ आले, चला निघू' असा त्यांचा वापर करू नका. वजन, वेग, पोट, सगळं माणसागणिक बदलतं. गणित फक्त एवढंच सांगतं की आपला अंदाज कुठल्या कुठे चुकलेला असतो.)

मग हे समज टिकतात कसे?

कारण ते 'चाललेले' लोक आपल्याला भेटतात. पार्टीतून पाच जण पुदिन्याची गोळी खाऊन निघाले. तिघांच्या रस्त्यावर नाकाबंदीच नव्हती. चौथ्याने एकच पेग घेतला होता, तोही तीन तासांपूर्वी, त्याचा आकडा ३० च्या आतच आला. पाचवा पकडला गेला. सोमवारी कॅन्टीनमध्ये चौघं सांगतात, 'अरे भावा, गोळी चालते!' पाचवा गप्प असतो. तो काही फॉरवर्ड करत नाही. कोर्टाची तारीख पडलेला माणूस स्टेटस टाकत नाही.

आणि कोर्टाची तारीख आता स्वस्त राहिलेली नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. त्याआधी पहिल्या वेळचा दंड २,००० रुपयांपर्यंत होता. 'फुंकणारच नाही, काय करतील?' हा आणखी एक लाडका सल्ला. कलम २०५ वाचा. सबळ कारण नसताना नकार दिलात तर तो नकारच तुमच्या विरोधातल्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. आणि दुचाकीवाल्यांना वेगळा कायदा नाही. मोटार वाहन म्हणजे स्कूटरसुद्धा.

यंत्र चुकतं का?

चुकू शकतं. हे मान्य केलं नाही तर मीही फॉरवर्डवाल्यांसारखाच. कॅलिब्रेशन वेळेवर नसेल तर आकडा इकडेतिकडे होतो. तोंडातल्या ताज्या अल्कोहोलने तो फसतो. जुलै २०२५ मध्ये केरळात पंदळमच्या एसटी डेपोत पिकलेल्या फणसाचे गरे खाल्लेले चालक या चाचणीत 'प्यायलेले' निघाले आणि मोठी करमणूक झाली. आपल्या आसव-अरिष्टांतही थोडं अल्कोहोल असतंच.

पण यावरचा उपाय अगदी सरळ आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. नवी नळी मागा. पाण्याने चूळ भरा. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी घ्या असं शांतपणे सांगा. तोंडातलं अल्कोहोल तोवर उडून जातं, रक्तातलं जात नाही. वाद असेल तर रक्ततपासणीची सोय कायद्यात आहे. शिवाय ते २१०० चं प्रमाण चालकाला थोडं झुकतं माप देणारं आहे. बहुतेकांच्या शरीरात ते त्याहून जरा जास्त असतं, म्हणजे यंत्र खऱ्यापेक्षा किंचित कमीच दाखवतं. ज्याने खरंच घेतलेली नाही त्याला वाट पाहण्यात काही तोटा नाही. वाट बघायची भीती कोणाला वाटते ते तुम्हीच ठरवा.

अजून एक युक्तिवाद आमच्या अमेरिकेतल्या मित्रांकडून येतो. 'तिकडे ८० चालतात, तुमच्याकडे ३० म्हणजे छळ आहे.' बरोबर, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आणि इंग्लंडात ८० आहेत. पण स्कॉटलंडने २०१४ मध्ये ५० केले, यूटा राज्याने २०१८ च्या अखेरीस ५० केले आणि स्वीडनमध्ये २० आहेत. वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते दिसतंच आहे. शिवाय त्या ८० वाल्यांच्या रस्त्यावर उलट्या बाजूने येणारी रिक्षा, मध्येच बसलेली गाय, न दिसणारा स्पीडब्रेकर आणि फुटपाथवर झोपलेली माणसं सहसा नसतात.

फुटपाथवर झोपलेली माणसं

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर चढली. तिथे रस्त्याच्या कामाचे मजूर झोपले होते. ७ जण गेले, ८ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं, म्हणजे वरच्या हिशोबात ११२. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये तिथे ३ वर्षांची शिक्षा कायम झाली. ११२ हा आकडा कुठल्या राक्षसाचा नाही. स्ट्राँगची एक बाटली आणि वर एखादं-दोन स्मॉल, एवढाच तो होतो. आपल्या कुठल्याही टीम पार्टीत असे चार जण सापडतील.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेने मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघंही २४ वर्षांचे, दोघंही आयटीतले इंजिनियर. आपल्यातलेच. गाडी चालवणारा १७ वर्षांचा. त्यानंतर त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण त्या वेळी आपण सगळे किती चिडलो होतो, आठवतंय? मेणबत्त्या, निषेध, स्टेटस, सगळं झालं. चाचणीला फसवणं हा किती हलकट प्रकार आहे यावर तेव्हा अख्ख्या शहराचं एकमत होतं.

आता तोच संताप जरा पुदिन्याच्या गोळीकडे वळवून बघा. पैसा कमी, ओळखी कमी, म्हणून साधन वेगळं. इच्छा तीच आहे, की गाडी तर मीच चालवणार, पण आकडा मात्र कमी यायला हवा.

आमच्या धंद्यात याला ओळखीचं उदाहरण आहे. टेस्ट लाल येते. कोडमधला दोष शोधायला वेळ नाही. मग कोणीतरी टेस्टच बदलतो, सगळं हिरवं होतं, सगळे खूश होऊन घरी जातात. दोष तिथेच असतो. तो रात्री तीन वाजता, प्रॉडक्शनमध्ये, कोणातरी अनोळखी माणसाच्या डोक्यावर कोसळतो. समजा नाण्याने खरंच आकडा ८६ वरून २० वर आला असता. म्हणून तुमचा पाय ब्रेकवर लवकर पडला असता का? समोरून आलेला सायकलवाला तुम्हाला लवकर दिसला असता का? 'फसवता आलं तर ती जास्त वाईट बातमी' असं वर म्हणालो ते यासाठी.

ज्यांनी हे यंत्र बनवलं त्या बोर्कनस्टाईन यांनीच पुढे मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात हजारो चालकांचा अभ्यास केला. तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधा होता. रक्तातलं अल्कोहोल वाढतं तसा अपघाताचा धोका वाढतो, आणि ८० च्या पुढे तर तो झपाट्याने चढतो. 'मी घेतल्यावर उलट जास्त जपून चालवतो' असं म्हणणारा एक वर्ग असतो. तो वर्ग फक्त परमिट रूममध्ये सापडतो.

मग करायचं काय?

प्या किंवा पिऊ नका, मी कोणी कीर्तनकार नाही. पण एक गोष्ट मला अगदी मनापासून वाटते. चावीचा निर्णय पहिल्या घोटाच्या आधी व्हायला हवा. दोन पेगनंतर आपण तो निर्णय ज्या मेंदूकडे सोपवतो, तोच तर सर्वात आधी झिंगलेला असतो. आणि त्याला स्वतःची झिंग मोजता येत नाही. 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य शून्यवालाही म्हणतो आणि दीडशेवालाही.

म्हणून टीम पार्टी ठरवणाऱ्याने हॉटेलच्या बुकिंगबरोबर कॅबचंही बघावं. कंपनी चकण्यावर हजारो रुपये उडवते, घरी सोडायच्या गाडीवरच का हात आखडता घ्यावा? न पिणाऱ्या मित्राला 'अरे घे रे थोडी' करून छळू नका, रात्री दीड वाजता तोच देवासारखा वाटणार आहे. मॅनेजर असाल तर तुमची जबाबदारी दुप्पट, कारण तुम्ही चावी घेऊन निघालात तर नव्या पोरांना तीच रीत वाटते.

आणि गटारीच्या आदल्या दिवशी ग्रुपवर 'नाकाबंदी चुकवायचे १० उपाय' आले, की हसून पुढे ढकलू नका. खाली एवढंच लिहा: 'स्ट्राँगची एक बाटली म्हणजे चार स्मॉल, मर्यादेच्या जवळपास तिप्पट. कॅब कोण कोण शेअर करतंय?' थोडी चेष्टा होईल, एखादा 'आला संत' म्हणेल. म्हणू दे. त्यातल्या एकाने जरी चावी खिशातच ठेवली तरी त्या रात्री रस्त्यावरचा कोणीतरी, ज्याला तुम्ही कधीच भेटणार नाही, नेहमीसारखा घरी पोचेल.

असो. रविवारची दुपार आहे, बरंच लिहून झालं. गाडी सावकाश चालवा.